क्रूझरच्या मागच्या सीटवर सासरा

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी नन्ना एका मोटरसायकलखाली उताणा पडला होता. छोटा टॉर्च दातांत धरलेला, डावा हात सायलेन्सरच्या नटांवरून फिरत असलेला आणि पाठीखाली दुकानाची गार फरशी. गाडी क्रूझर होती. लांबुडकी, बुटकी, पसरट सीटची आणि बैलाच्या शिंगांसारख्या रुंद हँडलची. वय अठरा वर्षं. टाकी गर्द तांबडी आणि क्रोम इतकं घासलेलं की टॉर्चचा उजेड उलटा नन्नाच्याच डोळ्यांत घुसत होता.

दातांत टॉर्च असल्यामुळे नन्ना बोलत नव्हता. दुकानात उभ्या असलेल्या तिघांनाही त्याबद्दल तक्रार नव्हती.

तिघांपैकी एक दुकानाचा मालक, दुसरा नन्नाचा जावई, तिसरी नन्नाची मुलगी. मालकाला सगळा बाजार चमक्या म्हणतो. हे नाव नन्नाने ठेवलेलं आहे. नन्नाला सगळा बाजार नन्ना म्हणतो, आणि ते नाव चमक्याने ठेवलेलं आहे. दोघांचं एके काळी एकत्र गॅरेज होतं. इंजिन नन्नाकडे, पुढचे शॉकअॅब्सॉर्बर आणि चाकं चमक्याकडे. पुढे चमक्याला जुन्या गाड्या घेऊन, घासूनपुसून विकायची हौस लागली. नन्ना प्रत्येक गाडीला नको म्हणायचा, तेही गिऱ्हाइकासमोर. वर्षभर हे चाललं. मग एका दुपारी दोघांनी पाने वाटून घेतले आणि मधली भिंत बांधायला गवंडी बोलावला. गवंडी एक होता आणि त्याच्याकडून दोघांनी दोन वेगवेगळ्या उंचीची भिंत मागितली.

त्यानंतर नन्नाने स्वतःचं गॅरेजही बंद केलं. आता तो गाड्या दुरुस्त करत नाही, फक्त बघतो. जुनी मोटरसायकल घेणारा माणूस त्याला सोबत नेतो, नन्ना गाडी बघतो आणि नको म्हणतो. नाही म्हणायला वर्षाकाठी दोन-तीन गाड्या त्याच्या हातून सुटतात. त्यांच्याबद्दल तो 'घ्या' म्हणत नाही, 'तुमची मर्जी' म्हणतो. त्याच्या तोंडून मर्जी ऐकायला मिळाली की लोक पेढे वाटावेत तसे खूश होतात.

मुलीच्या लग्नाच्या वेळी त्याने मर्जीसुद्धा म्हटलं नव्हतं. मुलीने त्या मुलाला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा नन्नाने त्याला वरून खाली न्याहाळलं, तो बाल्कनीत सिगरेट ओढून आला तेव्हा नाकाने वास घेतला आणि सगळ्यांसमोर शेरा मारला, "धूर सोडतो." मुलाने नंतर सिगरेट सोडली. तो शेरा मात्र अजून विसरलेला नाही. हा जावई लिफ्टची देखभाल करतो, दिवसभर विहिरीसारख्या अंधारात दोरांवर लटकणाऱ्या पेट्यांच्या डोक्यावर उभा असतो, आणि त्याचं म्हणणं असं की एवढी जोखीम ज्याच्या हातात लोक निर्धास्त सोपवतात, त्याला मोटरसायकल निवडायला सासऱ्याची गरज नाही.

नन्नाला बोलावलं होतं ते मुलीच्या हट्टापायी. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला एका प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासते. क्रूझर घेतली की सोमवारपासून नवरा तिला सोडणार आणि आणणार, असं ठरलं होतं. "बाबांनी बघितल्याशिवाय मी मागे बसणार नाही," ती म्हणाली. नवरा कबूल झाला, पण दुकान त्याने निवडलं आणि गाडी बघायला सासरा येणार हेही तिथे आधीच सांगून ठेवलं. ज्या माणसाचं सासऱ्याशी पटत नाही तो माणूस सरळच असणार, असा त्याचा सोपा हिशेब होता.

नन्ना आला तेव्हा कुणालाही नमस्कार न करता त्याने आधी इंजिनावर तळवा ठेवला. हा त्याचा नेम. इंजिन गरम असेल तर मालकाने ते आधीच चालू करून ठेवलेलं असतं, म्हणजे गार असताना ते सुरू व्हायला नखरे करतं आणि ते लपवायचं आहे, असा अर्थ.

"गार आहे ना?" चमक्या म्हणाला. "काल दुपारपासून हात लावलेला नाही. तुझे नखरे मला पाठ आहेत. ताप बघून झाला असेल तर जीभ दाखवायला सांगू का तिला?"

"जीभ तुझी बघतो," नन्ना म्हणाला आणि फरशीवर आडवा झाला.

आता तो गाडीखालून बाहेर आला, टॉर्च शर्टाला पुसला आणि सुरुवात केली. पुढच्या डाव्या शॉकअॅब्सॉर्बरचं ऑइल सील गळतंय, नळीवर तेलाचा ओला पट्टा आहे. पुढचा टायर वरून जाड दिसतो, पण त्याच्या कडेवरचे आकडे सांगतात की तो नऊ वर्षांपूर्वी बनलाय. रबर वाळलंय, ओल्या रस्त्यावर साबणासारखं सटकेल. चेन सैल आहे, तीही सगळीकडे सारखी नाही, चाक फिरवलं की एका जागी ताणते. मागचे ब्रेक पॅड संपत आलेत. हॉर्नच्या वायरला चिकटपट्टी गुंडाळलीय.

प्रत्येक दोष सांगताना नन्नाचा आवाज चढत होता. खरं सांगायचं तर त्याला मजा येत होती. वैऱ्याचं दुकान, वैऱ्याची गाडी, समोर ऐकायला जावई. चिकटपट्टीपाशी पोचेपर्यंत तो भाषणाला उभा राहिल्यासारखा दिसत होता.

चमक्या भांडला नाही. "बरोबर आहे," तो प्रत्येक वेळी म्हणाला. "सील बदलून देतो. टायर नवा घालून देतो. चेन? चेनही देतो. पॅडचं काय घेऊन बसलास, ते तर देणारच होतो." मग जावयाकडे वळून, "हे बघा साहेब, गाडी जुनी आहे. जुन्यात जुनं निघणारच. मी लपवत नाही. ह्याला विचारा, ह्याने कधी एखादी गाडी चांगली म्हटलीय का?"

"माणूसही नाही," जावई म्हणाला.

मुलीने त्याच्याकडे रोखून बघितलं. तो हँडलवर हात ठेवून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर, दोन वर्षांत पहिल्यांदाच, सासऱ्याच्या उपस्थितीत हसू होतं.

नन्ना टायरपाशी परत उकिडवा बसला. काहीतरी टोचत होतं. शॉकअॅब्सॉर्बरच्या नळीवरचा तेलाचा पट्टा त्याने बोटाने पुसला आणि बोट बघत राहिला.

एकत्र गॅरेज होतं तेव्हा चमक्या तेलाच्या थेंबासाठी जेवणावरून उठायचा. सील गळताना दिसलं की त्याला झोप लागायची नाही. लबाडीच्या बाबतीत नन्नाने त्याला कधी सूट दिली नव्हती, पण ह्या एका कामात चमक्याचा हात धरणारा कुणी नाही, हे त्याने शपथेवर सांगितलं असतं. ज्या माणसाने ह्या गाडीच्या चाकांच्या तारासुद्धा एकेक करून घासल्या आहेत, बॅटरी नवी टाकली आहे, टाकीच्या आतला गंज काढला आहे, त्याने तासाभराचं सीलचं काम तसंच का ठेवलं?

ठेवलं कारण ते नन्नासाठी ठेवलं होतं. सील, टायर, चेन, पॅड, चिकटपट्टी: अंगणात दाणे टाकावेत तसे टाकलेले होते आणि नन्नाने ते सगळे, मान वर न करता, टिपून खाल्ले होते.

तो उठला. हँडल डावीकडे पूर्ण वळवलं. टाकी आणि मूठ यांच्यात त्याची चार बोटं बसली. उजवीकडे पूर्ण वळवलं. दोन बोटं जेमतेम शिरली. हँडल दोन्हीकडे सारखं अडावं म्हणून गाडीच्या मानेवर, म्हणजे जिथे पुढचा भाग मुख्य सांगाड्याला जोडलेला असतो तिथे, लोखंडाचा एक छोटा उंचवटा असतो. गाडी समोरून जोरात आपटली की हँडल गर्रकन फिरतं आणि तो उंचवटा चेपतो. नन्नाने टॉर्च आत घातला. उंचवट्याची एक बाजू चेपलेली होती. वरचा रंग इतर सांगाड्यापेक्षा जाड, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत. त्याने नख ओढलं. रंगाखाली वेल्डिंगचा कंगोरा लागला, घासून सपाट करायचा प्रयत्न केलेला.

"ही नको," नन्ना म्हणाला.

"आता काय राहिलं?" जावयाने विचारलं. "आरसा वाकडा आहे?"

"समोरून ठोकलेली आहे. मान वाकली होती. सरळ करून वेल्डिंग मारलंय."

"मान ना?" चमक्या म्हणाला. "ह्या वयात सगळ्यांची आखडते. तुझी बघ, आयुष्यात एकदा होकारार्थी हलली नाही."

जावई मोठ्याने हसला.

"दोरी आण," नन्ना म्हणाला. "मागच्या चाकाला लावून पुढपर्यंत ताणतो. दोन्ही चाकं एका रेषेत नाहीत, आत्ता दाखवतो."

"नसतीलच," चमक्या शांतपणे म्हणाला. "चेन नीट ताणलेली नाही, असं तूच आत्ता ओरडून सांगितलंस ना? चेन ताणताना मागचं चाक एका बाजूने पुढे राहिलंय. दोरी वाकडी येणारच. चेन बदलली की चाक सरळ बसेल." तो जावयाकडे वळला. "साहेब, मान दुरुस्त झालीय, हो. मी नाही म्हणत नाही. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. चांगल्या माणसाकडून करून घेतलीय. महिनाभर मी स्वतः चालवली. काही नाही झालं."

"एकट्याने चालवलीस."

"मग काय, तुला मागे घेऊन फिरायला हवं होतं?"

जावयाने खिशातून हातमोजे काढले. "मी चालवून बघतो," तो म्हणाला. "पाच दोष काढले, मालकाने पाचही मान्य केले. सहावा काढायचाच होता, नाहीतर ह्यांचा रविवार फुकट गेला असता." मग बायकोला, "चल. हेल्मेट घाल."

"ती बसणार नाही," नन्ना म्हणाला.

"हे तुम्ही ठरवणार?"

"बाबा, एक चक्कर तर मारायचीय," मुलगी म्हणाली. ती दोघांच्या मध्ये उभी होती आणि तिला दोघांचाही कंटाळा आला होता. "तुम्ही दर वेळी असंच करता. फ्रिज घेताना तेच, घर भाड्याने घेताना तेच. मी कसं ओळखू ह्यातलं खरं काय आणि चिडून बोललेलं काय?"

गेल्या कित्येक वर्षांत नन्नाने 'नको' हा एकच शब्द इतक्या ठिकाणी वापरला होता की आज, गरजेच्या वेळी, त्याला काही वजन उरलं नव्हतं. त्याने मुलीच्या हातातलं हेल्मेट ओढून घेतलं आणि स्वतःच्या डोक्यावर दाबलं. ते लहान होतं. कान दुमडले.

"मी बसतो मागे."

"काय?" जावई म्हणाला.

"दोघांच्या वजनावर बघायची ना? मग मी बसतो. माझं काही झालं तर तुमची पीडा जाईल. चला, जावईबापू."

"बाबा, कंबर!" मुलगी म्हणाली, पण नन्नाने तोवर पाय टाकला होता. चमक्या दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. त्याने बरंच काही विकलं होतं, पण असं दृश्य त्याच्या दारात पूर्वी घडलं नव्हतं.

गोदामांच्या मागे एक लांब सरळ रस्ता आहे. रविवारी त्यावर ट्रक नसतात. पहिल्या टप्प्यात गाडी छान चालली. इंजिन खोल, संथ आवाजात घुमत होतं, गियर अलगद पडत होते. नन्नाने दोन्ही हातांनी मागची दांडी धरली होती. जावयाच्या खांद्याला हात लावायचा नाही, एवढं त्याने बसतानाच ठरवलं होतं.

"साठवर न्या," तो ओरडला.

"कानात ओरडू नका!"

"साठ!"

साठला काही झालं नाही. साठच्या जरा वर मात्र गाडी कंबरेतून हलायला लागली. हँडल फारसं थरथरत नव्हतं, पण पुढचं चाक एका वाटेने आणि मागचं दुसऱ्या वाटेने जायला बघत होतं, आणि मधली दोन माणसं झोके खात होती. झोका मोठा होत गेला. जावयाने ब्रेक दाबला नाही. त्याने अॅक्सिलरेटरची मूठ हळूहळू सोडली, हात सैल ठेवले आणि वेग आपोआप उतरू दिला. नेमकं हेच करायला हवं होतं. नन्नाने ते टिपलं.

गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. जावयाने हेल्मेटची काच वर केली.

"तुम्ही मुद्दाम हललात."

"मी?"

"मागे बसून डावीकडे उजवीकडे केलंत. मला कळत नाही का?"

"अहो, मी हललो असतो तर आत्ता आपण दोघं त्या गटारात एकमेकांच्या अंगावर पडलो असतो. आणि तुमच्या अंगावर पडायची मला हौस नाही."

"पुन्हा जायचं," जावई म्हणाला. "ह्या वेळी हलायचं नाही. बोलायचं नाही. खोकायचंसुद्धा नाही."

"माझे हात दिसतील असे ठेवू?"

"माझ्या पट्ट्याला धरा. हललात तर कळेल मला."

नन्नाने जावयाचा पट्टा धरला. लग्नात हातात हात द्यायची वेळ आली होती तेव्हा तो पाणी प्यायला गेला होता; त्यामुळे ह्या दोघांचा इतका जवळचा संबंध पहिल्यांदाच येत होता. गाडी वळली आणि त्याच रस्त्याने उलट निघाली. नन्ना पोत्यासारखा बसला. श्वासही अर्धाच घेतला. पन्नास. साठ. साठच्या वर, पुन्हा तेच. आधी कंबर, मग खांदे, मग सगळी गाडी. पट्ट्यातून नन्नाला जावयाचं पोट ताठ झालेलं कळलं. वेग उतरला. ह्या वेळी थांबून जावई खाली उतरला, गाडीच्या समोर दहा पावलं गेला आणि एक डोळा मिटून बघत राहिला. लिफ्टचे लोखंडी रूळ सरळ आहेत का, ते तो असंच बघतो, खालून वर.



"ओळंब्यात नाही," तो शेवटी म्हणाला. हे नन्नाला उद्देशून नव्हतं. तो चाकाशी बोलला होता.

"तेच तर मी मघापासून—"

"तुम्ही गप्प बसा."

ते चाळीसच्या खाली राहून परत आले. मुलगी दुकानाबाहेरच्या पायरीवर बसली होती, ती उठली. तिने आधी नवऱ्याचा चेहरा बघितला, मग बापाचा, आणि दोघांच्याही चेहऱ्यावरून काही कळेना तेव्हा विचारलं, "काय झालं?"

जावयाने किल्ली चमक्याच्या हातात दिली. "नको."

"का हो? काय झालं?" चमक्याने विचारलं.

"सीट टणक आहे."

चमक्या क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. मग नन्नाकडे. एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं. गाडी गेली, मुलगी तिच्यावर बसणार नव्हती, नन्नाला जे हवं होतं ते त्याच्या पदरात पडलं होतं. पण वेल्डिंगचा कंगोरा त्याच्या नखाखाली अजून टोचत होता, आणि आयुष्यात एकदा पुराव्यानिशी मिळालेला विजय दुसऱ्याने सीटच्या नावावर लावावा, हे त्याला सहन होईना.

"सीट नाही, मान!" तो ओरडला. "सीट चांगली आहे! उत्तम सीट आहे!"

"मी सीट म्हणालो," जावई म्हणाला.

"ऐकलंत ना?" चमक्याने मुलीला सांगितलं. "उत्तम सीट. माझ्या दुकानातल्या वस्तूला ह्याने चांगलं म्हटलं. तुम्ही साक्षीदार."

मुलीला एका बाजूने हसू येत होतं आणि दुसऱ्या बाजूने डोकं दुखत होतं. तिने नवऱ्याला थेट विचारलं, "खरं सांग, मी बसू शकले असते का ह्याच्यावर?"

जावयाने हातमोजे काढले, एकात एक घातले, खिशात ठेवले. "नाही," तो म्हणाला. मग सासऱ्याकडे न बघता, "पण ह्यांनी सांगितलं म्हणून नाही. मला स्वतःला कळलं."

"कळणारच," नन्ना म्हणाला. "मी मागे बसून शिकवलं ना."

"चला," मुलगी म्हणाली. "आणखी कुणी एक शब्द बोललात तर मी पायी जाईन."

ती पायीच निघाली, कारण दोघंही एकदम बोलले.

जावई तिच्या मागे गेला. दुकानात दोघं म्हातारे उरले. चमक्याने क्रूझर स्टँडवरून काढून मागे ढकलली आणि चिंधीने सीट पुसली, नन्ना बसला होता तेवढीच.

"ती कापून भंगारात दे," नन्ना म्हणाला.

"का? एकट्याने चालवायला काय झालंय?"

"घेणारा काय जन्मभर एकटा राहणार आहे?"

"तुझ्यासारखा असला तर राहील." चमक्याने चिंधी खांद्यावर टाकली. "हेल्मेट काढ आणि नीघ. ते तुझ्या मुलीचं आहे, तुझं डोकं त्यात मावत नाही."

हेल्मेट निघेना. कान अडकले होते. नन्नाने दोन्ही हातांनी ओढलं, मग एका बाजूने. चमक्या बघत उभा राहिला. त्याने मदत केली नाही आणि नन्नाने मागितली नाही. शेवटी ते निघालं तेव्हा नन्नाचे दोन्ही कान टाकीच्या रंगाचे झाले होते. तो ते काखेत घेऊन रस्त्याला लागला. पुढे वळणावर मुलगी आणि जावई उभे दिसले. त्यांचं भांडण चालू होतं. त्याने गाठायची घाई केली नाही आणि त्यांनी वाट बघितली नाही.

उद्या सोमवार. प्रयोगशाळा आठला उघडते. मुलगी नेहमीप्रमाणे सात वीसच्या बसने जाईल.